शेतातून रेल्वेचा फाटा: ईझमेंट द्यावी की पट्टा विकून मोकळं व्हावं? (इंडियाना)

मकाईवाला
नमस्कार मंडळी. प्रश्न अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला आहे, पण उत्तरं इतरांनाही उपयोगी पडतील म्हणून जरा सविस्तर लिहितो.

८० एकरांचं शेत. अर्धा मैल लांब, पाव मैल रुंद. मका आणि सोयाबीन, खंडानं कसायला दिलेलं. पलीकडच्या धान्यकोठारापर्यंत एका शॉर्टलाइन (छोट्या स्थानिक) रेल्वेला फाटा न्यायचाय. त्यासाठी शेताच्या लांबीभर, जवळजवळ मधोमध, ६० फुटांचा पट्टा मागतायत. मसुदा त्यांच्याच वकिलाचा. त्यात हक्काचं वर्णन साधारण असं: 'रेल्वे व इतर सर्व कायदेशीर कारणांसाठी, कायमस्वरूपी, अनन्य, हस्तांतरणीय ईझमेंट', म्हणजे जमीन आमची, वापराचा हक्क त्यांचा. मोबदला एकरी भावानं, एकरकमी.

तीन प्रश्न. ईझमेंट द्यावी की पट्टा सरळ विकावा? मसुद्यातलं काय खोडावं आणि काय घालावं? नाही म्हटलं तर ते जबरदस्तीनं घेऊ शकतात का?

धोंडोपंत
मधोमध रूळ म्हणजे भावाभावांतली वाटणी आपोआप झाली की. मोजणीचा खर्च वाचला!

शंकूसाखळी
आधी हिशोब. ६० फूट गुणिले २,६४० फूट म्हणजे १,५८,४०० चौरस फूट. भागिले ४३,५६०, म्हणजे ३.६४ एकर. ते पैसे देतील या ३.६४ एकरांचे. तुमचं नुकसान मात्र उरलेल्या ७६ एकरांचे दोन लांबट तुकडे होतात त्यात आहे. तेव्हा किंमत काढताना 'रुळाआधीचं अख्खं शेत' वजा 'रुळानंतरचं शेत' अशीच काढून घ्या. नुसता एकरी भाव लावला तर तुकड्यांचं नुकसान हिशोबातच येत नाही.

दुसरं, ६० फूट पुरतील का ते आत्ताच तपासा. भरावाचा माथा २४ फूट धरा. भराव ४ फूट उंच आणि बाजूचा उतार दोनास एक असेल तर पायथ्याशी रुंदी ४० फूट. दोन्ही बाजूंचे चर धरून ६० मध्ये बसतं. पण सखल भागात भराव १० फुटांवर गेला की नुसता पायथाच ६४ फूट होतो. मग काम अर्धं झाल्यावर 'इथं थोडी जास्त जागा लागेल' म्हणून पुन्हा सहीला येतात. दर १०० फुटांवरचे आडवे छेद आधी मागा. ते नाहीत म्हणाले तर आखणीच झालेली नाही असं समजा आणि सही पुढं ढकला.

बांधकामासाठी लागणारी जादा जागा वेगळ्या, तात्पुरत्या ईझमेंटमध्ये टाका. त्यात शेवटची तारीख हवीच. 'काम पूर्ण होईपर्यंत' असं मोघम नको.

वकीलीणबाई
पहिल्या प्रश्नाचं उत्तर: विकू नका. ईझमेंट द्या, पण हा मसुदा आहे तसा नाही.

पट्टा विकलात की जमीनच गेली. उद्या रेल्वे बंद पडली तरी तो पट्टा रेल्वेचाच, किंवा ती ज्याला विकेल त्याचा. तुमच्या शेताच्या मध्ये कोण येऊन बसेल याचा नेम नाही. ईझमेंटमध्ये जमीन तुमचीच राहते, रेल्वेला फक्त ठरलेल्या कामापुरता वापराचा हक्क मिळतो. ते काम संपलं की ओझं उतरतं.

इंडियानात हा वाद जुना आहे. रॉस विरुद्ध लेग्लर या १९६४च्या निकालापासूनचा सर्वसाधारण नियम असा: डीडमध्ये (दस्तात) 'राइट ऑफ वे', म्हणजे जाण्यायेण्याचा हक्क, दिला असेल तर ती ईझमेंट, आणि काही मर्यादा न घालता 'जमिनीची पट्टी' दिली असेल तर मालकी गेली. म्हणून कागदाच्या मथळ्यावर 'ईझमेंट' लिहिलंय एवढ्यावर विसंबू नका. हक्क देणारं वाक्य, रेल्वेनं करायचं काम आणि हक्क संपण्याची अट, तिन्ही एकमेकांशी जुळली पाहिजेत.

'इतर सर्व कायदेशीर कारणांसाठी' हे चार शब्द तिथल्या तिथे खोडा. ते राहिले तर रूळ उखडले तरी हक्क जिवंत, कारण 'कायदेशीर कारण' कधी संपतच नाही.

लोहमार्ग७२
अनुमोदन. या एका फरकावर अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत किती गेलं ते बघा.

१८६२च्या पॅसिफिक रेल्वे कायद्यानं सरकारी जमिनीतून रुळाच्या दोन्ही बाजूंना २०० - २०० फूट दिले. त्याच धर्तीच्या १८६४च्या कायद्यानं दिलेला हक्क मर्यादित मालकीचा, असं १९०३मध्ये ठरलं. १८७१नंतर काँग्रेसनं रेल्वे कंपन्यांना जमिनी खिरापतीसारख्या वाटणं थांबवलं. १८७५चा जो सर्वसाधारण कायदा आला त्यात दोन्ही बाजूंना १०० - १०० फूट. १९४२च्या ग्रेट नॉर्दर्न खटल्यात कोर्ट म्हणालं, ही नुसती ईझमेंट, खालचं तेल आणि वायू रेल्वेचा नाही. मग २०१४चा ब्रँड्ट खटला. वायोमिंगमधलं फॉक्स पार्क, सुमारे अर्धा मैल लांब, २०० फूट रुंद जुना रेल्वेमार्ग. रूळ उखडून मार्ग रीतसर सोडल्यावर सरकार म्हणालं पट्टा आमच्याकडे परत येतो. कोर्टानं आठ विरुद्ध एक मतांनी सांगितलं की ईझमेंट होती, ती संपली, जमीन ज्याची होती त्याचीच आता मोकळी झाली.

थोडक्यात, विकणाऱ्याच्या वारसांना यातलं काही मिळत नाही.

हूजियर_काका
मी उलट्या बाजूनं बोलतो. पट्टा विकायचे फायदेही सांगा ना!

ईझमेंटमध्ये मालक तुम्ही, म्हणून कराचं बिल तुमच्या नावावर येत राहू शकतं. रुळाखाली काय मुरतं ते बघा: स्लीपरचं क्रिओसोट (लाकूड टिकवायचं तेल), तणनाशकं, इंजिनाचं डिझेल. जुन्या मार्गांच्या कडेला आर्सेनिक सापडतं ते उगाच नाही. केंद्राच्या प्रदूषण-सफाई कायद्यात जमिनीचा मालक म्हणून तुमच्याकडेही बोट दाखवता येतं. गाडी घसरून धान्य आणि तेल शेतात सांडलं तर फोन आधी तुम्हालाच. ३.६४ एकरांसाठी एवढं लोढणं कशाला? विका आणि सुटा.

वकीलीणबाई
काका, मुद्दे बरोबर, निष्कर्ष नाही. कर कुणी भरायचा ते करारात लिहिता येतं. प्रदूषणाची भरपाई, सफाई आणि विमा यांची हमी रेल्वेवर टाकता येते. सुरुवातीलाच मातीचे नमुने रेल्वेच्या खर्चानं तपासून अहवाल कराराला जोडायचा, म्हणजे नंतर 'हे आधीपासूनच होतं' म्हणता येत नाही. सोडून जाताना स्लीपर आणि खडी कुणी उचलायची तेही लिहायचं. आणि पट्टा विकला तरी सांडलेलं तेल ६० फुटांच्या रेषेवर थांबत नाही.

तुमच्या बाजूनं एक मान्य करते. शॉर्टलाइन कंपनी कागदावर छोटी असेल, गंगाजळी नसेल, तर हमीचा कागद कोरडाच. म्हणून विम्याचं प्रमाणपत्र दरवर्षी, त्यात 'अतिरिक्त विमाधारक' म्हणून तुमचं नाव, आणि रूळ काढण्याच्या खर्चाइतका बाँड. बाँडला ते कुरकुरतील. तिथे ताणून धरा.

चिंगी
मग नुसतं लायसन्स (तात्पुरती परवानगी) का देऊ नये? हवं तेव्हा रद्द!

वकीलीणबाई
@चिंगी, रद्द होऊ शकणाऱ्या कागदावर अर्ध्या मैलाचे रूळ कोण टाकेल? आणि टाकलेच तर तुमच्या डोळ्यांदेखत एवढा खर्च झालाय म्हणून ते लायसन्स आता मागे घेता येणार नाही, असं कोर्ट म्हणू शकतं. म्हणजे ईझमेंट दिल्यासारखीच, फक्त अटींशिवाय.

सातबारा_भाऊ
जरा विषयांतर. आपल्याकडे रेल्वे बहुतेक जमीन संपादनच करते, ईझमेंटच्या भानगडीत पडत नाही. पण उरलेल्या शेतकऱ्यासाठी १९८९च्या रेल्वे कायद्यात कलम १६ आहे: शेताचे दोन भाग झाले तर ओलांडायची वाट, पाणी जायला मोऱ्या, ही कामं रेल्वेनं स्वतःच्या खर्चानं करायची. मेख अशी की मार्ग सुरू होऊन दहा वर्षं झाली की नवीन काम करून द्यायची जबाबदारी रेल्वेवर राहत नाही. नंतर हवं असेल तर कलम १७, खर्च तुमचा. विदर्भ-मराठवाड्यात मोरी तुंबून शेतात पाणी साचतं तेव्हा पहिला प्रश्न हाच येतो, मार्ग कधीचा?

मेट्रोचं वेगळं. १९७८च्या मेट्रो कायद्यात जमिनीऐवजी नुसता वापराचा हक्क किंवा ईझमेंटसारखा हक्क घ्यायची सोय आहे. बोगदा इमारतीखालून जातो तिथे तेवढंच पुरतं.

धोंडोपंत
बघा, जमिनीचं म्हटलं की मराठी माणूस सातबाऱ्यावर येतोच. एक शंका, शेतकऱ्यानं रेल्वेचा बांध दरवर्षी थोडा थोडा कोरला तर?

लोहमार्ग७२
खडी निघेल. :)

गंभीरपणे: अमेरिकेत रेल्वेच्या पट्ट्यावर ताबेवहिवाटीनं हक्क मिळवणं फार अवघड. आंतरराज्य रेल्वेवरचे अधिकार १९९५च्या कायद्यानं केंद्राच्या सर्फेस ट्रान्सपोर्टेशन बोर्डाकडे एकवटले. त्याच्या आधारे बऱ्याच कोर्टांनी असे दावे फेटाळलेत. तीसतीस वर्षं पट्ट्यात मका पेरला तरी पट्टा रेल्वेचाच.

आणि 'रूळ वापरात नसतील तर हक्क संपेल' अशी अट तुम्ही घालाल, तर हेच बोर्ड तिच्या आड येतं. नेहमीच्या मार्गावरून रेल्वेला हटायचं तर बोर्डाची परवानगी लागते. दोन वर्षं स्थानिक वाहतूक नसेल तर सोपी वाट आहे, पण परवानगी लागतेच. ती मिळेपर्यंत तुमच्या करारात १२ महिने लिहा नाहीतर १२ दिवस, रूळ हलत नाहीत.

मकाईवाला
म्हणजे वापर थांबला तर हक्क संपेल ही अट घालून उपयोगच नाही?

वकीलीणबाई
उपयोग आहे, आणि तुमच्या बाबतीत जास्तच. सर्फेस ट्रान्सपोर्टेशनच्या कायद्यात कलम १०९०६ आहे. स्पर (मुख्य मार्गातून निघणारा छोटा फाटा), इंडस्ट्रियल ट्रॅक, साइड ट्रॅक टाकायला किंवा सोडायला बोर्डाची परवानगी लागत नाही. एका कोठारापुरता फाटा बहुधा यात बसेल. पण तो पुढे वाढवून दुसऱ्या रेल्वेला जोडला, नवीन भागाची वाहतूक त्यावरून वळवली, की तो 'मार्ग' होतो आणि बोर्डाच्या कक्षेत जातो. म्हणून करारात स्पष्ट लिहा: फक्त अमुक कोठाराला सेवा देणारा स्पर, एकच रूळ, पुढे विस्तार नाही, जोडणी नाही. आणि संपण्याचं कलम साधारण असं: सलग २४ महिने एकही भरलेली वाघीण गेली नाही तर हक्क संपला. जिथे बोर्डाची परवानगी लागत असेल तिथे ती रेल्वेनं ९० दिवसांत मागायची. आणि संपल्याचा कागद रेल्वेनं स्वतः काउंटी रेकॉर्डरकडे (जमिनीचे दस्त नोंदवणाऱ्या कार्यालयात) नोंदवायचा, नाहीतर तुम्हाला नोंदवायचा अधिकार. हा शेवटचा तुकडा बहुतेक मसुद्यांत नसतो. मग पुढची वीस वर्षं प्रत्येक टायटल रिपोर्टमध्ये (मालकीच्या तपासणी-अहवालात) मेलेला हक्क अपवादांच्या यादीत झळकत राहतो.

ट्रेलताई
रेल्स-टू-ट्रेल्स, म्हणजे बंद रेल्वेमार्गांच्या पायवाटा, कुणी काढलं नाही अजून! इंडियानापोलिसची मोनॉन ट्रेल जुन्या रेल्वेच्या वाटेवरच आहे. बंद मार्गांचं सोनं होतं. शेतकऱ्यांनी एवढं घाबरू नये.

लोहमार्ग७२
ट्रेल चांगलीच, पैसे कुणाचे हा प्रश्न. राष्ट्रीय पायवाट कायद्याच्या १९८३च्या दुरुस्तीनं सोय झाली की मार्ग 'सोडला' न समजता भविष्यातल्या रेल्वेसाठी राखून ठेवायचा आणि मधल्या काळात पायवाट करायची. म्हणजे ईझमेंट संपायची ती संपतच नाही. व्हरमाँटमधल्या प्रेसो खटल्यात १९९०मध्ये सुप्रीम कोर्टानं हा कायदा वैध ठरवला, पण सांगितलं की मालकाचं काही हिरावलं जात असेल तर भरपाई सरकारकडे मागा. १९९६मध्ये फेडरल सर्किट या अपील कोर्टानं ती द्यायला लावली. तिथले तीन प्रश्न आजही तसेच विचारतात: मालकी दिली की ईझमेंट, ईझमेंटमध्ये पायवाट बसते का, आणि ईझमेंट आधीच संपली होती का.

मुदतीत लोक फसतात. बोर्डाची पायवाटेच्या वाटाघाटीची नोटीस निघाली की सहा वर्षांचं घड्याळ सुरू. पायवाट बांधून फीत कापली त्या दिवसापासून नाही. पैसे मिळतात नोटिशीच्या तारखेला जो मालक असेल त्याला. त्यानंतर जमीन घेणाऱ्याला काही नाही. दावा दहा हजार डॉलरच्या वर असेल तर कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्समध्येच (केंद्र सरकारवरच्या दाव्यांचं कोर्ट).

वकीलीणबाई
खऱ्या स्परला ही पायवाटेची तरतूद सहसा लागू होत नाही, कारण तिथे बोर्डाकडे सोडण्याचा अर्जच नसतो. तरी 'हायकिंग, सायकल, सार्वजनिक पायवाट यांसाठी वापर नाही' ही ओळ घाला. एका ओळीनं दहा वर्षांचा खटला वाचतो.

टाइलमास्तर
इतका वेळ सगळे कायद्यात अडकलेत. इंडियानात शेत म्हणजे जमिनीखालच्या निचऱ्याच्या नळ्या, म्हणजे टाइल! साधारण तीनेक फुटांवर, ४० ते ६० फुटांच्या अंतरानं ओळी. शेताच्या लांबीभर चर खणला की आडव्या जाणाऱ्या सगळ्या ओळी तुटल्या. वरच्या अर्ध्या शेतात पुढच्या वसंतात तळं. ट्रॅक्टर जातच नाही.

उपाय: चढाच्या बाजूला, ईझमेंटच्या बाहेर, एक मोठी गोळा करणारी नळी टाकायची. तुटलेल्या ओळी तिला जोडायच्या आणि दोन ठिकाणी रुळाखालून स्टीलच्या केसिंगमधून (बाहेरच्या संरक्षक नळीतून) पलीकडे न्यायचं. इथे गाठ पडते. केसिंगचा माथा रुळाच्या तळापासून साडेपाच फूट खाली हवा असं बऱ्याच रेल्वे म्हणतात. भराव असेल तिथे अडचण नाही. फाटा जमिनीलगत असेल तिथे तुमची नळी तीन फुटांवर आणि त्यांचं केसिंग साडेपाचवर, म्हणजे पाणी खाली उतरवायचं आणि पलीकडे तेवढ्याच खोलीवरून पुढे न्यायचं. पुढे ओढा तेवढा खोल नसेल तर पंप. तो पंप कुणी चालवायचा? आत्ताच लिहा.

जुना टाइल-नकाशा नसेल तर रेल्वेच्या खर्चानं शोधून काढायला लावा. जबाबदारीची मुदत 'बांधकामानंतर एक वर्ष' देऊ पाहतील. भराव बसायला आणि नळी दबायला जास्त वेळ लागतो. निदान पाच वर्षं मागा. आणि शेतातून काउंटीचा नियंत्रित निचरा जात असेल तर दोन्ही बाजूंच्या ७५ फुटांत ड्रेनेज बोर्डाचाही अधिकार आहे. त्यांना न विचारता खणलं तर काम थांबतं.

हूजियर_काका
टाइलमास्तर, लाख बोललात. याचा खर्च ३.६४ एकरांच्या एकरी भावात कुठेच नसतो.

फाटकवाला
आता ओलांडणं. मसुद्यात क्रॉसिंगबद्दल काय आहे? बहुतेक असं असेल की 'रेल्वेच्या नमुन्याप्रमाणे वेगळा करार करावा लागेल'. तो नमुना म्हणजे लायसन्स, ३० दिवसांच्या नोटिशीनं रद्द होणारं, विम्याचा हप्ता तुमच्याकडे. स्वतःच्या शेतातून स्वतःच्या शेतात जायला परवाना! ईझमेंट तुम्ही देताय, तेव्हा ओलांडायचा हक्क तुम्ही स्वतःकडे *राखून* ठेवा, त्याच दस्तात. कायमचा, जमिनीबरोबर चालणारा, बांधणी आणि देखभाल रेल्वेकडे.

किती आणि केवढे: अर्ध्या मैलात दोन. १६ फुटी रुंदी नेहमी देतात, ती पिकअपसाठी. कंबाइनचा (कापणीयंत्राचा) हेड, म्हणजे पुढचा कापणारा भाग, ३०-४० फुटांचा. दर वेळी हेड उतरवून ट्रेलरवर चढवायचा तर कापणीचा दिवस गेला. निदान ३२ फूट, पृष्ठभाग काँक्रीटच्या पॅनेलचा, दोन्हीकडे रुळाच्या पातळीत २५-३० फूट सपाट आणि मग हलका उतार. उतार एकदम दिला तर जमिनीलगतच्या लो-बॉय ट्रेलरचं पोट रुळावर टेकतं. क्रॉसिंगच्या चारही कोपऱ्यांत मका पेरायचा नाही, ऑगस्टमध्ये गाडी दिसत नाही. त्या कोपऱ्यांचं पीकनुकसानही मागा. क्रॉसिंगला केंद्राच्या यादीतला क्रमांक मिळतो, सहा आकडे आणि एक अक्षर. निळ्या पाटीवर तो आणि फोन नंबर असतो. पाटी लागल्याशिवाय काम पूर्ण झालं असं मानू नका.

शंकूसाखळी
@फाटकवाला, त्याहून मोठी अडचण उभ्या गाडीची. धान्याची वाघीण साधारण ६० फूट. २,६४० भागिले ६० म्हणजे ४४ वाघिणी. कोठारात भरायला आणलेल्या ४४ वाघिणी रांगेत उभ्या राहिल्या की शेत पूर्ण बंद, दोन्ही क्रॉसिंगसकट. ऑक्टोबरात कोठाराची घाई आणि तुमची कापणी एकाच वेळी.

फाटकवाला
अगदी. आणि राज्याच्या कायद्यावर भिस्त ठेवू नका. क्रॉसिंग अडवल्याबद्दल दंड करणारा इंडियानाचा कायदा केंद्राच्या कायद्यापुढे चालत नाही, असं २०१८मध्ये इंडियानाच्याच सुप्रीम कोर्टानं नॉरफोक सदर्नच्या खटल्यात सांगितलं. मग उरतो करार.

वकीलीणबाई
हा या धाग्यातला सगळ्यात कामाचा मुद्दा. राज्य किंवा काउंटी रेल्वेवर जे लादू शकत नाही, ते रेल्वेनं स्वतःहून करारात कबूल केलं असेल तर साधारणपणे पाळावं लागतं. बोर्डाचीही भूमिका तशीच. म्हणून गाड्या उभ्या करण्याचे नियम, क्रॉसिंग, निचरा, तणनाशकांची फवारणी, कुंपण, सगळं लिहून घ्या. 'रेल्वे योग्य ती काळजी घेईल' हे वाक्य निरुपयोगी. 'क्रॉसिंगच्या दोन्ही बाजूंना १०० फुटांत वाघीण उभी करणार नाही, १५ सप्टेंबर ते ३० नोव्हेंबर दिवसा दोन्ही क्रॉसिंग मोकळी, उल्लंघनाला दर तासाला ठराविक रक्कम' असं हवं.

नेटकरी_नाना
केबलचं विसरू नका. रेल्वेच्या पट्ट्यातून ऑप्टिक फायबर टाकून भाडं खायचा धंदा जुना आहे. स्प्रिंटचं मूळ सदर्न पॅसिफिक रेल्वेच्या दळणवळण कंपनीतच. पुढे जमीनमालकांनी राज्याराज्यांत सामूहिक दावे केले, कारण रेल्वेकडे नुसती ईझमेंट आणि भाडं मात्र तिच्या खिशात.

लोहमार्ग७२
नळवाहिन्यांचंही तेच. युनियन पॅसिफिकच्या पट्ट्याखालच्या इंधनवाहिनीवरून कॅलिफोर्नियात बरेच खटले झाले. कोर्टांचं एकमत नाही. रेल्वेच्या कामाला त्या वाहिनीचा उपयोग हवा का, किती हवा, यावर सगळं अडतं. म्हणून नवीन दस्तात वाद ठेवूच नका: सिग्नलची स्वतःची तार सोडून बाकी कुठलीही वाहिनी मालकाच्या वेगळ्या लेखी परवानगीशिवाय नाही, भाडं मालकाचं.

चिंगी
तिसरा प्रश्न राहिला. जबरदस्ती?

वकीलीणबाई
हो, राज्याच्या कायद्यानं रेल्वेला सक्तीनं जमीन घ्यायचा अधिकार असतो, इंडियानातही. आधी लेखी प्रस्ताव, मग कोर्ट, नेमलेले मूल्यमापक, त्यावर हरकत. 'सार्वजनिक वापर' आहे का यावर भांडता येतं. जॉर्जियात सँडर्सव्हिल रेल्वेला स्पार्टाजवळ साडेचार मैलांचा फाटा टाकायचाय. तिथल्या पब्लिक सर्व्हिस कमिशननं २०२४मध्ये जमीन घ्यायला मंजुरी दिली आणि मालक कोर्टात गेले. टेक्ससमध्ये २०२२मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टानं टेक्सस सेंट्रलच्या बुलेट ट्रेन कंपनीला, अजून एकही रूळ टाकलेला नसताना, हा अधिकार आहे असं म्हटलं.

एकाच खाजगी कोठारासाठीचा फाटा ही तुमची जमेची बाजू. पण कोर्टात पैसे मिळतात, अटी क्वचित मिळतात. क्रॉसिंगची रुंदी, टाइल, उभ्या वाघिणी हे सगळं टेबलावरच मिळवायचं. तेव्हा अधिकाराला घाबरून सहीही नको, आणि अधिकार नाहीच असं समजून दार आपटणंही नको.

हिशोबनीस
करांचं थोडक्यात. कायमच्या ईझमेंटची रक्कम आधी त्या पट्ट्याच्या मूळ खरेदीकिमतीतून वजा होते, वर उरेल तो नफा. पिकाच्या नुकसानीचे पैसे मात्र साधं उत्पन्न. म्हणून दोन्ही रकमा करारात वेगळ्या लिहा. सक्तीनं घेण्याची लेखी धमकी आली असेल तर केंद्राच्या करकायद्याच्या कलम १०३३ खाली दुसरी जमीन घेऊन कर पुढे ढकलता येतो. ते पत्र फाडून टाकू नका, फाइलला लावा! जमिनीवर कर्ज असेल तर बँकेची संमती आधी घ्या. नाहीतर तारणाच्या अटी मोडल्या असं होतं. सीआरपीत (जमीन पडीक ठेवण्याच्या सरकारी योजनेत) काही एकर असतील तर त्या कार्यालयात आधी बोला.

खंडकऱ्यालाही विसरू नका. माती दाबली जाते, उत्पादन पहिल्या वर्षापुरतंच घटत नाही. पहिल्या वर्षी १००, दुसऱ्या ६०, तिसऱ्या ३० टक्के असा भरपाईचा उतरता तक्ता मागून बघा.

मकाईवाला
सगळ्यांचे आभार. आता आमचा प्रतिमसुदा असा: फक्त एका स्परसाठी ईझमेंट, 'इतर कारणं' बाद, २४ महिन्यांची अट आणि नोंदणी, दोन ३२ फुटी क्रॉसिंग राखून, कापणीच्या दिवसांचा नियम, टाइलची पाच वर्षं हमी, वाहिन्या नाहीत, बाँड. हस्तांतरण आमच्या संमतीनंच. शिवाय पट्टा मधोमध न नेता उत्तरेच्या सीमेलगत नेता येईल का, ते विचारलंय.

शंकूसाखळी
सीमेलगतचा प्रश्न खरं तर सगळ्यात आधी विचारायला हवा. वळणासाठी कोपऱ्यात थोडी जास्त जागा जाईल, पण शेत अखंड राहील, क्रॉसिंग आणि टाइलचा निम्मा खर्च गायब. बघा, त्यांचा अभियंता 'नाही' का म्हणतो ते लेखी मागा. पुष्कळदा नुसता खडी आणि रुळांचा खर्च वाचवायला सरळ रेघ मारलेली असते.

टाइलमास्तर
उत्तरेला चढ आहे की उतार? उताराच्या बाजूला रूळ गेले तर सगळ्या टाइलची तोंडं तिकडेच असतील.

मकाईवाला
उत्तरेला चढ. निचरा दक्षिणेच्या ओढ्यात.

टाइलमास्तर
मग उत्तम. तरी वरच्या शेजाऱ्याच्या टाइल तुमच्या शेतात उतरत असतील तर त्या तुटतील. त्यालाही बोलावून घ्या.

शंकूसाखळी
दस्ताला मध्यरेषेचं मोजणीवर्णन आणि नकाशा दोन्ही जोडा. क्रॉसिंगची जागा नकाशावर रंगानं दाखवू नका. रेकॉर्डरकडे बऱ्याचदा काळंपांढरं स्कॅन होतं, लाल आणि निळी रेघ एकच दिसते. तुटक आणि सलग रेघा वापरा, आणि क्रॉसिंगचं अंतर शेताच्या कोपऱ्यापासून फुटांत लिहा.